नवे सर, नवी पद्धत आणि पॉइंट गार्डचं काम

"उद्यापासून चेंडू वर तू आणायचा नाहीस."

नव्या सरांनी पहिल्याच आठवड्यात असं सांगितलं की पॉइंट गार्डच्या पोटात गोळा येतो. दोन वर्षं चेंडू त्याच्याच हातात होता. टाइमआउट संपला की सगळे त्याच्या बोटांकडे बघायचे. आता तो कोपऱ्यात उभा राहणार आणि चेंडू दुसराच कुणी आणणार. घरी कळलं की आई विचारते, "काय रे, काढलं का तुला टीममधून?"

अंबाडीसारख्या गावातून खेळणाऱ्या मुलामुलींवर ही वेळ दोनदा तरी येऊ शकते. शाळेतले क्रीडाशिक्षक बदलतात तेव्हा, आणि दहावीनंतर भिवंडी, कल्याण किंवा ठाण्याच्या कॉलेजात जाऊन तिथल्या संघात शिरताना. खेळ तोच असतो, पण आधीच्या सरांनी कौतुक केलेली सवय नव्या सरांना खटकते. हा लेख अशा खेळाडूंसाठी आहे. त्यांच्या सरांनी आणि पालकांनीही वाचावा.

आपल्याकडे मैदान म्हटलं की आधी कबड्डी आठवते, म्हणून तिथूनच सुरुवात करू. एक हुकमी चढाईपटू आहे. नवे प्रशिक्षक त्याला सांगतात, तू यापुढे फक्त 'डू ऑर डाय' चढाईला जायचं. म्हणजे संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला. तिथे गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. आता त्याच्या चढाया कमी होतील, नावापुढचे गुणही कमी दिसतील. पण सगळ्यांत अवघड वेळ त्याच्याच अंगावर टाकली आहे. त्याला कमी लेखलं असं कबड्डी कळणारा कुणी म्हणेल का? बास्केटबॉलमधला पॉइंट गार्ड मात्र अशा वेळी रुसतो, कारण चेंडू हातात असणं म्हणजेच आपलं पद, असं त्यानं धरलेलं असतं.

हे पद कशासाठी आहे

कोर्ट 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. चेंडू ताब्यात आल्यापासून शॉट घ्यायला 24 सेकंद, त्यातल्या 8 सेकंदांत मधली रेषा ओलांडायची. कबड्डीची चढाई 30 सेकंदांची असते, म्हणजे इथे वेळ त्याहूनही कमी. रेषा ओलांडून सगळे आपापल्या जागी लागेपर्यंत हातात पंधरा-सोळा सेकंद उरतात. एवढ्यात संघाला बरा शॉट मिळवून द्यायचा, हे पॉइंट गार्डचं काम. मधल्या वेळात चेंडू कुणाच्या हातात असावा, हे पद्धत ठरवते.

अंबाडी नाक्यावर भिवंडीचा, वाड्याचा आणि वज्रेश्वरीचा असे तीन रस्ते एकत्र येतात. ट्रक अडकले की तिथे उभा राहून वाहतूक सोडवणारा माणूस स्वतः एकही गाडी चालवत नाही. कुठली गाडी आधी सोडायची, हे तो बघतो. पॉइंट गार्डनं त्याच्याकडून शिकावं.

वरळीत समोरासमोर आलेले संघ

4 आणि 5 ऑक्टोबर 2019 ला मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनं 132-131 असा घेतला. दुसराही त्यांनीच 130-106 असा जिंकला. किंग्जचा पॉइंट गार्ड होता डीॲरॉन फॉक्स. वाऱ्यासारखा पळणारा. आदल्या, म्हणजे 2018-19 च्या हंगामात त्यानं सामन्यामागे 7.3 असिस्ट, म्हणजे थेट बास्केट घडवणारे पास, दिले होते. समोरच्या पेसर्समध्ये डोमांटास सबोनिस हा उंच, पण पास देण्यात पटाईत असलेला खेळाडू होता.

फेब्रुवारी 2022 मध्ये याच दोन संघांत मोठी अदलाबदल झाली. सबोनिस किंग्जकडे आला आणि किंग्जचा दुसरा तरुण गार्ड टायरीस हॅलिबर्टन पेसर्सकडे गेला. त्या वर्षी किंग्जनं 82 पैकी 30 सामने जिंकले. मग नवे प्रशिक्षक माइक ब्राऊन आले. त्यांच्या पद्धतीत चेंडू आधी फ्री थ्रो रेषेच्या आसपास सबोनिसकडे जायचा आणि बाकीचे त्याच्याभोवती पळायचे. फॉक्स चेंडू देऊन मोकळा व्हायचा आणि पळत येऊन सबोनिसच्या हातातून तो पुन्हा घ्यायचा. 2022-23 मध्ये फॉक्सचे असिस्ट 6.1 होते आणि सबोनिसचे 7.3. म्हणजे संघात सर्वाधिक असिस्ट देणारा गडी पॉइंट गार्ड नव्हताच. त्या हंगामात किंग्जनं 48 सामने जिंकले, सामन्यामागे 120.7 गुण म्हणजे लीगमध्ये सर्वाधिक गुण केले आणि 2006 नंतर पहिल्यांदाच प्लेऑफ गाठली. फॉक्सला काय मिळालं? अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत सर्वोत्तम खेळणाऱ्यासाठी एनबीएनं त्या वर्षी नवा पुरस्कार सुरू केला, त्याचा पहिला मानकरी तो ठरला. आपला 'डू ऑर डाय'वाला चढाईपटूच म्हणा.

हॅलिबर्टनचं उलट झालं. किंग्जमध्ये त्याला चेंडू वाटून घ्यावा लागायचा. शेवटच्या अर्ध्या हंगामात तिथे त्याचे असिस्ट 7.4 होते. पेसर्सनं सगळा खेळ त्याच्या हाती दिला. 2023-24 मध्ये सामन्यामागे 10.9 असिस्ट देऊन तो लीगमध्ये पहिला आला आणि 2025 मध्ये त्याचा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. एकाच अदलाबदलीनंतर एका पॉइंट गार्डच्या हातातला चेंडू कमी झाला, दुसऱ्याच्या हातातला वाढला, आणि दोन्ही संघ वर गेले.

रणदिव्यांचा धडा

"ते एनबीएवाले, आमच्या शाळेचं काय?" असं कुणी विचारेल. त्यासाठी याच किंग्जच्या मालकांची गोष्ट सांगतो. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालच्या गटानं 2013 मध्ये हा संघ विकत घेतला. त्याआधी कॅलिफोर्नियातल्या रेडवुड सिटीत त्यांनी आपल्या मुलीच्या, बारा वर्षांच्या मुलींच्या संघाला शिकवलं होतं. स्वतः कधी बास्केटबॉल खेळले नव्हते. मुलींपैकी बऱ्याच जणींचा नेम आणि ड्रिबल बेताचाच होता. माल्कम ग्लॅडवेल यांनी 2009 मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये ही हकिगत लिहिली आणि ती गाजली.

रणदिव्यांना एक गोष्ट विचित्र वाटली: बास्केट झाली की संघ मागे पळत आपल्या अर्ध्यात जातो आणि समोरच्याला निवांत चेंडू आणू देतो. त्यांनी मुलींना पूर्ण कोर्टभर अडवायला लावलं. बाहेरून चेंडू आत टाकायला 5 सेकंद मिळतात, तिथेच कोंडी करायची. चेंडू टाकणारीला मोकळं सोडायचं आणि त्यामुळे वाचलेली आपली मुलगी समोरच्या सर्वोत्तम खेळाडूवर दुसरी म्हणून घालायची. हा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचला.

अशा पद्धतीत उत्तम ड्रिबल करणारी मुलगी हवीच असं नाही. सगळ्यांत आधी धावत पोचणारी आणि मोठ्यानं ओरडून सांगणारी हवी. कबड्डी-खो-खो खेळलेल्या मुलींकडे खाली वाकून बाजूला सरकणारे पाय आणि दम हे आयतेच असतात. नवे सर पूर्ण कोर्टचा प्रेस आणणार असतील, तर अंबाडीच्या मुलींनी घाबरण्याऐवजी खुश व्हावं.

कोणत्या पद्धतीत नेमकं काय बदलतं

धावता खेळ. रिबाऊंड मिळाल्याबरोबर पॉइंट गार्डनं बाजूच्या रेषेजवळ जायचं, पाठ रेषेकडे आणि तोंड कोर्टाकडे. चेंडू घेताना पूर्ण मैदान दिसलं पाहिजे. त्यानंतर पहिला विचार ड्रिबलचा करू नका. पुढे पळणाऱ्या गड्याला पास द्या. पायांपेक्षा चेंडू वेगानं जातो. 2004 मध्ये स्टीव्ह नॅश फिनिक्स सन्सकडे गेला, तिथे माइक डँटोनी यांनी असाच पळता खेळ बसवला होता. आदल्या हंगामात 29 सामने जिंकलेला संघ 62 जिंकला. इथे पॉइंट गार्डच्या हातात चेंडू असतो, पण थोडा वेळ.

पास आणि कट. पाचही जण बाहेर पसरलेले, मधली जागा रिकामी. पास दिला की उभं राहायचं नाही: रिंगकडे पळा किंवा सहकाऱ्याला स्क्रीन लावा. जुन्या पॉइंट गार्डला हे सर्वांत जड जातं, कारण पास देऊन तिथेच थांबायची आणि चेंडू परत मागायची त्याला सवय असते. गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये 2014 मध्ये स्टीव्ह कर प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा स्टेफन करीच्या बाबतीत हेच झालं. त्याचे असिस्ट सामन्यामागे 8.5 वरून 7.7 वर आले. संघाचे विजय मात्र 51 वरून 67 झाले, 1975 नंतरचं पहिलं अजिंक्यपद मिळालं आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू करीच ठरला.

उंच खेळाडूभोवतीचा खेळ. ही फॉक्स-सबोनिसची पद्धत. चेंडू उंच गड्याला द्या आणि त्याच्या अगदी जवळून, खांदा त्याच्या कमरेला घासेल इतक्या जवळून पळत चेंडू घ्या. मधे फट ठेवली तर बचावपटू त्यातून शिरतो. तो तुमच्या मागे राहिला तर वळून थेट रिंगकडे जा. तो पलीकडून वळसा घालून गेला तर थांबा आणि शॉट घ्या. तो आधीच पुढे येऊन उभा राहिला तर चेंडू घेऊच नका, त्याच्या पाठीमागून रिंगकडे पळा. या तीन उत्तरांचा सराव झाला की निम्मी पद्धत आली.

पिक अँड रोल. इथे तुमच्या हातातला चेंडू वाढतो आणि त्याबरोबर चुकाही. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे घाई: स्क्रीन लावणारा स्थिर व्हायच्या आत निघणं. त्याचे पाय रोवले गेले की मगच निघा, त्याला चिकटून जा आणि तुमच्या बचावपटूकडे बघू नका. बघायचं ते स्क्रीन लावणाऱ्याच्या बचावपटूकडे. तो तुमच्यावर आला तर चेंडू खाली धावणाऱ्या सहकाऱ्याचा, मागे राहिला तर शॉट तुमचा.

दोन गार्डांचा खेळ. चेंडू आणणारे दोघं. इथे दुखणं मनाचं असतं. कोण कधी आणणार हे आधीच ठरवून टाका. सोपा नियम म्हणजे रिबाऊंडच्या जवळ असेल तो. ज्याच्याकडे चेंडू नाही त्यानं थेट कोपऱ्यात किंवा पंखावर जाऊन शॉटसाठी तयार राहायचं.

बचावातलं काम

नवी पद्धत म्हणजे फक्त हल्ला, असं समजणारे फसतात. मॅन टू मॅनमध्ये तुम्ही समोरच्या चेंडू आणणाऱ्याला चिकटता. 2-3 झोनमध्ये तुम्ही वरच्या दोघांपैकी एक असता, आणि फ्री थ्रो रेषेच्या मधोमध चेंडू येऊ न देणं हे सर्वांत महत्त्वाचं असतं. कोपऱ्याकडे धावलात तर मागच्यांचा गोंधळ होतो. प्रेसमध्ये कोंडी बाजूच्या रेषेजवळ किंवा मधली रेषा ओलांडल्या ओलांडल्या करा, कारण तिथे रेषाच तुमचा जादा गडी होते. पण हात आवरा. पाच फाउलला खेळाडू बाहेर जातो, आणि एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. प्रेसमध्ये बचाव पायांनी करायचा असतो.

सरांना विचारायचे पाच प्रश्न

पहिल्या दोन दिवसांत, सराव संपल्यावर, एकट्यानं जाऊन विचारा.

1. आपल्याकडे रिबाऊंड आला की पहिला पास कुणाला?
2. चेंडू माझ्याकडे नसेल तेव्हा माझी जागा कोणती?
3. शेवटचे सात-आठ सेकंद उरले आणि काहीच जमलं नाही, तर चेंडू कुणाकडे?
4. समोरच्यांनी प्रेस लावला तर चेंडू कोण आणणार?
5. आपल्या कुणी शॉट घेतला आणि चेंडू हवेत आहे, तेव्हा मी कुठे जायचं?

पाचवा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात सरांची सगळी पद्धत कळते. "मधल्या रेषेकडे मागे पळ" असं उत्तर आलं तर सरांना समोरच्यांचा फास्ट ब्रेक थांबवायचा आहे. "तूही रिबाऊंडला जा" असं आलं तर त्यांना दुसरी संधी हवी आहे आणि मागची काळजी दुसऱ्या कुणावर सोपवली आहे. ती कुणावर, हेही तिथेच विचारून घ्या.

पहिले पंधरा दिवस

पहिले तीन दिवस वहीत आकृत्या काढा आणि पाचही जागांवरून चालत खेळ समजून घ्या. स्वतःची एकच जागा पाठ करणारा खेळाडू बदली आली की गडबडतो. पॉइंट गार्डला सगळ्यांच्या जागा माहीत हव्यात. चेंडू हातात नसला तरी सांगणारा तोच.

चौथ्या ते नवव्या दिवसापर्यंत हातांना नवी सवय लावा. आजवर तुम्ही ड्रिबल करत शॉट घेत आलात. आता पास घेऊन लगेच घ्यावा लागेल. गुडघे आधीच वाकलेले, हात पुढे, चेंडू आला की सोडायचा. रोज कोपऱ्यातून असे पन्नास शॉट घ्या. मग आपसातल्या खेळात नियम करा: कुणीही दोनपेक्षा जास्त ड्रिबल करायचे नाहीत. दोन दिवसांनी एकही नाही. सुरुवातीला चेंडू सारखा जाईल, सगळे वैतागतील. तिसऱ्या दिवशी पळणारे पाय दिसू लागतील.

दहाव्या दिवसापासून सामने खेळा आणि सेकंद मोजा. जिथे शॉट क्लॉक नसेल तिथे बाकावरच्या एकानं मोठ्यानं मोजावं. आठ, मग चोवीस. पॉइंट गार्डच्या डोक्यात हे घड्याळ आपोआप चाललं पाहिजे.

कोर्ट नाही म्हणून अडू नका. मैदानावर फक्कीनं रेषा मारा, स्क्रीनच्या जागी खुर्ची ठेवा, रिंग नसेल तर भिंतीवर 3.05 मीटर उंचीवर खडूनं खूण करा. आपल्याकडचा पाऊस चार महिने मैदानाचा चिखल करतो, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर पास मारता येतात आणि जागांवरून चालण्याचा सराव तर कुठेही होतो.

वहीत काय लिहायचं

सामना झाल्यावर आपले गुण आणि असिस्ट सगळेच मोजतात. नव्या पद्धतीत तीन वेगळे आकडे ठेवा. एक, पासाआधीचा पास: तुम्ही दिलेल्या पासानंतर सहकाऱ्यानं पुढे पास दिला आणि त्यावर बास्केट झाली, असं किती वेळा. दोन, तुमच्या कटमुळे किंवा स्क्रीनमुळे दुसरा मोकळा झाला, असं किती वेळा. तीन, तुमच्या हातून गेलेले चेंडू. हे तुम्हाला खेळताना मोजता येणार नाही. बाकावरच्या मित्राला वही द्या. पाच सामन्यांत पहिले दोन आकडे वाढले आणि तिसरा कमी झाला, तर असिस्ट घटले तरी तुमचा खेळ सुधारला आहे. आकडे जागच्या जागी राहिले, तर वही घेऊन सरांकडे जा. "मला चेंडू मिळत नाही" या तक्रारीपेक्षा सर त्या आकड्यांवर लवकर बोलतील.

सरांसाठी आणि घरच्यांसाठी

सर, हा बदल संघासमोर जाहीर करण्याआधी त्या मुलाला बाजूला घेऊन कारण सांगा. दहा मिनिटं लागतात आणि महिनाभराचा रुसवा वाचतो. जुन्यातल्या दोन चाली चालू ठेवा, म्हणजे अडचणीत मुलांना ओळखीचं काहीतरी हाताशी राहील. खुणा थोड्या ठेवा: एक बोट, मूठ, डोक्याला हात. आणि पद्धत मुलं बघून निवडा. तुमच्या उंच मुलाला पास देता येत नसेल, तर त्याच्याभोवतीचा खेळ टीव्हीवर कितीही छान दिसला तरी तो तुमच्या संघाचा नाही. तालुक्याहून जिल्ह्याला आणि तिथून विभागाला जायचं असेल, तर स्पर्धेच्या तोंडावर पद्धत बदलू नका. निदान सहा-सात सराव सामने होऊ द्या.

आईबाबांनी एवढंच करावं: सामना झाल्यावर "किती बास्केट मारल्या?" हा पहिला प्रश्न विचारू नये. "शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कुणाकडे होता?" असं विचारलंत, तर मूल तासभर बोलेल आणि त्याचं काम काय आहे हे तुम्हालाही कळेल.

आणि खेळाडूंनो, पुढच्या सरावाला वही घेऊन जा. नव्या सरांबद्दल मत बनवण्याआधी त्यांना पाचवा प्रश्न विचारा: "सर, शॉट हवेत असताना मी कुठे जायचं?" उत्तर मिळालं की तिथे सगळ्यांत आधी पोचा.